हा स्वेन कोण?

सातपूरच्या ज्या कंपनीत समाधान विधाते फिटर होता, ती पंप बनवायची आणि तिचे मूळ मालक स्वीडनचे. अठ्ठ्याण्णव साली मालकांच्या मनात आलं, की नाशिकचे दोन-चार फिटर सहा महिन्यांसाठी तिकडं आणावेत, त्यांना नवं मशीन शिकवावं आणि परत धाडावं. पहिला नंबर लागला गोरक्षचा. सहा महिन्यांसाठी गेलेला गोरक्ष पंधरवड्यात परत आला. थंडीमुळं नाही, खाण्यामुळंही नाही.

"तिथं कुणी बोलतच नाय राव," एवढं सांगून तो डोळे पुसायचा. बसमध्ये शेजारच्या माणसाला त्यानं हातवारे करून साधं "कुठं निघाले?" विचारलं, तर तो माणूस पुढच्या स्टॉपला उतरून गेला. नंतर कळलं, त्याचा स्टॉप अजून लांब होता.

मग कंपनीनं डोकं चालवलं. पुढच्या माणसाबरोबर त्याची बायको पाठवायची, म्हणजे त्याला बोलायला कुणीतरी राहील. पण बायको तिकडं घरात कोंडून पडू नये म्हणून तिला थोडंफार स्वीडिश यायला पाहिजे. आणि घरातल्या मोठ्या माणसाचा होकार पाहिजे, कारण गोरक्ष तिकडं असेपर्यंत त्याची आई रोज डबा घेऊन कंपनीच्या गेटवर येऊन बसत होती. बायकोची तोंडी परीक्षा घ्यायला आणि होकार विचारायला खुद्द स्वीडनहून एक बाई येणार होत्या. बायको पास झाली आणि घरचे हो म्हणाले, तर दोघं जाणार. नाहीतर नवरा एकटाच.

दुसरा नंबर समाधानचा होता.

समाधानच्या बायकोला, मनीषाला, स्वीडन कुठं आहे ते माहीत नव्हतं. पण तिथं आत्याबाई नाहीत, एवढं पक्कं माहीत होतं. आत्याबाई म्हणजे तिची सासू, अंबूबाई. मखमलाबादला त्यांचा झेंडू आणि शेवंतीचा मळा, घरात सकाळ-संध्याकाळ फुलांचे ढीग, आणि त्या ढिगांच्या मधोमध सुई-दोरा घेऊन बसलेल्या अंबूबाई. लग्नाला दोन वर्षं झाली होती. लग्नानंतर फिरायला म्हणून नवरा-बायको त्र्यंबकेश्वरला गेले, तेव्हा एसटीच्या तीन जणांच्या सीटवर मध्ये अंबूबाई बसल्या होत्या. नवऱ्याशी सलग पाच मिनिटं बोलायला मिळावं ही मनीषाची फार मोठी मागणी नव्हती, पण नाशिक जिल्ह्यात ती पुरी होण्यासारखी नव्हती. म्हणून तिनं स्वीडन धरलं.

"त्यानं जावं, तू कशाला?" अंबूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "दसऱ्याच्या माळा कोण ओवणार? स्वीडनचा राजा?"

"कंपनीच म्हणते आत्याबाई, बायको पाहिजे म्हणून."

"कंपनीला सून हाय का? मग तिला काय कळतं? तू पास हो नायतर नापास हो. ती बाई शेवटी मला इचारणार हाय, आन मी नाय म्हणणार हाय. बास."

तरी मनीषा अभ्यासाला लागली. कंपनीनं एक कॅसेट दिली होती. तिच्यात कारीन नावाची एक बाई एक वाक्य म्हणायची, मग थोडी जागा सोडायची, त्या जागेत आपण तेच वाक्य आपल्या नावा-गावासकट म्हणायचं. मनीषानं टेप फुलांच्या ढिगाजवळ ठेवला. हात माळेत आणि तोंड स्वीडिशमध्ये, असा अभ्यास सुरू झाला. 'हेय' म्हणजे नमस्कार. 'ताक' म्हणजे धन्यवाद. या ताकावरचा विनोद गल्लीतल्या सगळ्यांनी पहिल्याच दिवशी करून संपवला, म्हणून मी करत नाही. शुभ सकाळ म्हणजे 'गू मोरोन', आणि त्यातलं पहिलं अक्षर सकाळी सकाळी सासूसमोर कुणी काढत नाही, म्हणून तो धडा मनीषानं दुपारी केला.

अंबूबाईंनी विरोध चालूच ठेवला. एकदा त्यांनी भजनाची कॅसेट लावायची म्हणून टेपचं भलतंच बटण दाबलं. त्या दिवसापासून चौथ्या धड्यात कारीनबाई विचारायच्या, "स्टेशन कुठं आहे?" आणि उत्तर यायचं, "अगं ए, म्हशीला पाणी दाखवलं का?" बटण चुकून दाबलं की मुद्दाम, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मनीषानं मात्र दोन्ही वाक्यं पाठ केली.

समाधानची गोष्ट वेगळी. तो सेकंड शिफ्ट करून घरी यायचा तेव्हा हमखास लाईट गेलेली असायची, आणि अंबूबाईंच्या भजनांनी टेपचे सेल संपत आलेले असायचे. मनीषाला दुपारी टकाटक बोलणारी कारीनबाई समाधानला भेटायची तेव्हा पक्षाघात झाल्यासारखी बोलायची. "हेऽऽऽय" म्हणायला तिला बराच वेळ लागायचा आणि आवाज एखाद्या पैलवानाचा यायचा. समाधानला वाटलं, भाषाच तशी आहे. थंड देश, माणसं गारठत असतील. तो अगदी तसंच, जड जिभेनं, खालच्या सुरात शिकला. तो तर जाणारच होता, त्यामुळं त्याला कुणी दुरुस्त केलं नाही.

एका वाक्यापाशी मात्र मनीषाची गाडी रोज अडायची. कारीन म्हणायची, "मिन मान हेतेर स्वेन." म्हणजे, माझ्या नवऱ्याचं नाव स्वेन. आणि जागा सोडायची. त्या जागेत मनीषानं आपल्या नवऱ्याचं नाव म्हणायचं. पण शेजारी आत्याबाई. विधात्यांच्या घरात सुनेनं मोठ्यांसमोर नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नियम अंबूबाईंच्या सासूपासून चालत आलेला. मनीषा नवऱ्याला 'अहो' म्हणायची, तो गच्चीवर असला तर मोठ्यानं 'अहो' म्हणायची. कंपनीतून फोन आला आणि "कुणाचं घर?" असं विचारलं तर पलीकडच्यानं नाव घेईपर्यंत गप्प राहायची. मग कॅसेटसाठी नियम कसा मोडणार? तिनं सरळ मार्ग काढला. कारीन जे म्हणेल तेच म्हणायचं.

"मिन मान हेतेर स्वेन," मनीषा म्हणायची. खणखणीत. रोज.

अंबूबाई शेजारी शांतपणे शेवंती ओवत बसायच्या.

परीक्षेचा दिवस उजाडला. गणपती नुकतेच गेले होते. कंपनीच्या जीपमधून बिर्गिताबाई उतरल्या. इतक्या उंच, की दाराच्या तोरणातला झेंडू त्यांच्या केसांत अडकून आत आला. बरोबर पर्सोनेलचे गायधनी साहेब. त्यांना स्वीडिश येत नव्हतं. बाई इंग्रजीत सांगणार आणि ते मराठी करणार, असं ठरलं होतं. बाई येणार हे कळल्यावर शेजारच्या गोजराबाई हळदी-कुंकवाला यावं तसं नवं लुगडं नेसून आधीच येऊन बसल्या होत्या.

परीक्षा राहिली बाजूला, आधी ताट आलं. खापरावरचा मांडा, दूध-गूळ, भजी. बाईंनी एक मांडा संपवला, तो काही लहान नसतो, आणि दुसरा येताना बघून हात आडवा केला.

"नेय ताक."

अंबूबाईंचा चेहरा उजळला. दोन महिने कानावर पडून एवढं त्यांनाही कळत होतं. "नको म्हणते," त्यांनी गोजराबाईंना सांगितलं. "चांगल्या घरची दिसते." आणि मांडा वाढला.

"नेय, नेय ताक!"

"बघ, दोनदा नको म्हणाली. वळण हाय पोरीला." आणखी अर्धा वाढला.

बाईंनी गायधनींकडं बघितलं. गायधनी स्वतःच्या ताटाकडं बघत होते. तिसऱ्या 'नेय'ला बाईंचा आवाज जरा चढला, तेव्हा अंबूबाईंनी खुशीत वाटीत दूध ओतलं आणि म्हणाल्या, "आता कुठं मोकळी झाली."

त्यानंतर बाईंना भिंतीला टेकवून बसवलं आणि परीक्षा सुरू झाली. नियम त्यांनी पुन्हा सांगितला. उत्तरं फक्त स्वीडिशमध्ये, मध्ये दुसरी भाषा नाही, दुसऱ्यानं बोलायचं नाही.

आधी रीत म्हणून समाधानला दोन प्रश्न विचारले. समाधान उठून उभा राहिला, छाती भरून घेतली आणि म्हणाला, "हेऽऽऽय. याऽऽ हेऽऽतेऽऽर..." हे संपेपर्यंत बाई काळजीत पडल्या होत्या. त्यांनी गायधनींना विचारलं. गायधनी म्हणाले, "समाधान, बाई विचारतायत, तुला झटकाबिटका येऊन गेला होता का?"

"नाय साहेब, सेल उतरले होते," समाधान म्हणाला. गायधनींनी याचं इंग्रजी केलं नाही.

मग मनीषा. डोक्यावर पदर, हातात माळ, कारण रिकामे हात असले की तिला बोलताच यायचं नाही. नाव? सांगितलं. गाव? सांगितलं. दुकानात दूध कसं मागाल? मागितलं, वर लोणी आणि पावही मागितला. फुलांचे रंग? ते तर घरचंच. बाई खूश होत चालल्या. स्टेशनचा प्रश्न आला तेव्हा मनीषानं उत्तर दिलं आणि सवयीनं पुढं म्हशीचंही विचारलं, पण बाईंना ते मराठी असल्याचं कळलं नाही. त्यांनी मान डोलावली.

समाधान खूण करत होता, झालंच, झालंच.

"वा हेतेर दिन मान?" बाईंनी हसत विचारलं. नवऱ्याचं नाव काय?

मनीषाच्या हातातली सुई थांबली. समोर बाई. उजवीकडं आत्याबाई. डावीकडं गोजराबाई, ज्यांना हे सगळं संध्याकाळपर्यंत फुलबाजारात सांगायचं होतं. मनीषानं हनुवटीनं समाधानकडं खूण केली. बाईंना कळलं नाही. तिनं बोट केलं. बाई म्हणाल्या, बोलून सांगा. मनीषाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि तोंडातून रोजच्यासारखं निघून गेलं:

"मिन मान हेतेर स्वेन."

बाईंनी समोरचा कागद बघितला. समाधानकडं बघितलं. पुन्हा कागद बघितला. मग गायधनींच्या कानाशी काहीतरी बोलल्या. गायधनींचं तोंड उघडं राहिलं.

"समाधान," ते म्हणाले, "हा स्वेन कोण?"

"कोण स्वेन?" अंबूबाई.

"तुमची सून म्हणतेय, तिच्या नवऱ्याचं नाव स्वेन."

गोजराबाई पुढं सरकल्या. "आगं बाई."

"रोज म्हणती ती हे!" अंबूबाईंना आता एकेक दिवस आठवायला लागला. "दोन महिने माझ्या कानाशी बसून ही कुण्या स्वेनला नवरा म्हणती, आन मी शेवंती ओवते? घरातल्याचं नाव घ्यायला लाज, आन त्याचं घेताना जीभ कशी सरळ चालली!"

"आई, तो टेपमधला हाय!"

"टेपमधला आसो नायतर कंपनीतला!"

"अंबूबाई, दिसायला कसाय पण?" गोजराबाईंनी विचारलं.

गायधनी घाम पुसत म्हणाले, "समाधान, भानगड गंभीर आहे. बाई म्हणतायत, कागदावर एक नवरा आणि तोंडात दुसरा, असं असेल तर नाव खोडावं लागेल. गोरक्षच्या प्रकरणानंतर वरून फार कडक केलंय. शेवटचं विचारतायत. तिनंच सांगायचं. स्वीडिशमध्येच."

बाईंनी पेनाचं टोक मनीषाच्या नावावर टेकवलं आणि वाट बघायला लागल्या.

"घे ना गं नाव," समाधान कळवळून म्हणाला. "एकदा घे."

मनीषानं आत्याबाईंकडं बघितलं. "आत्याबाई, घेऊ?"

अंबूबाई पेचात पडल्या. आपल्यासमोर सुनेनं पोराचं सरळ नाव घ्यावं हे शक्य नव्हतं. पण गोजराबाईंच्या देखत सुनेचा नवरा म्हणून स्वेन कायम व्हावा, हे त्याहून शक्य नव्हतं.

"नुसतं नाय घ्यायचं," त्या शेवटी म्हणाल्या. "लग्नात घेतलं तसं घे. उखाण्यात."

"अहो, पण स्वीडिशमध्येच बोलायचंय," गायधनी ओरडले.

"मग त्या भाषेत घे. एवढे सेल जाळले ते कशाला?"

मनीषानं डोळे मिटले. तिच्याजवळ होतं काय, तर दूध, लोणी, पाव आणि फुलांचे रंग. उखाण्याला यापेक्षा जास्त कधीच काही लागलेलं नाही. तिनं पदर सारखा केला, मान खाली घातली, आणि मखमलाबादच्या त्या खोलीत, लग्नातल्या चालीवर, म्हणाली:

"काफे मेद म्योल्क, स्मोर पो ब्रोद,
समाधानराव हेतेर मिन मान, रूसेन ए रोद!"

म्हणजे: कॉफीत दूध, पावाला लोणी; समाधानराव माझ्या नवऱ्याचं नाव, गुलाब लाल आहे. पहिल्या ओळीचा नवऱ्याशी काही संबंध नव्हता, दुसरीतल्या गुलाबाचाही नव्हता. म्हणजे उखाणा अगदी बिनचूक होता.

"वा गं माझी वाघीण!" गोजराबाईंनी टाळी वाजवली. अंबूबाईंना एक शब्द कळला नव्हता, पण यमक कळलं होतं आणि 'राव' कळलं होतं. त्यांनी नाक मुरडलं, ते मान्य असल्यासारखं.

बिर्गिताबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. गायधनींनी त्यांना नाव घेण्याची पद्धत समजावून सांगितली. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मनीषाच्या नावापुढं बरोबरची मोठी खूण केली.

आता राहिला अंबूबाईंचा होकार. बाई त्यांच्याकडं वळल्या, गायधनींनी प्रश्न विचारला. अंबूबाईंनी सुपारी फोडली. "नाय" तोंडाशी आलंच होतं, मनीषाला ते ओठांवर दिसतही होतं, तेवढ्यात गोजराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"थांबा. पोरीनं घेतलं. आता पाहुणीनं नाव घेतल्याशिवाय उठायचं नाय. काय हो साहेब, सांगा त्यांना."

गायधनींनी हसत हसत सांगितलं. बाईही हसत हसत काहीतरी बोलल्या. गायधनींचं हसू गेलं.

"काय म्हणती?" अंबूबाई.

"त्यांचं... हे... नाव घेता येणार नाही म्हणतायत. त्यांचे ते आहेत. लेनार्ट म्हणून. पण लग्न नाही झालेलं."

"जमलंय?"

"राहतात. एकत्र. एकोणीस वर्षं."

"आन?"

"दोन मुलं आहेत," गायधनी चहाच्या कपाला म्हणाले.

अंबूबाईंच्या अडकित्त्यात सुपारी तशीच राहिली. "म्हंजी तिकडं लग्नाचं काय धरबंध नाय?"

"असतं ना. म्हणजे, ज्याला करायचं त्यानं करायचं."

"आन ज्याला नाय करायचं, त्याला कुणी काय बोलत नाय?"

"तिथं कुणी बोलतच नाय," समाधान उत्साहानं म्हणाला. गोरक्षनं सांगितलं होतं तेच त्यानं सांगितलं. पण वेळ चुकली. आईनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू हा फिटर नसून जिल्ह्यातला एकमेव बिनबंदोबस्ताचा पुरुष आहे.

"मनीषा," अंबूबाई म्हणाल्या, "बॅग भर."

"आत्याबाई?"

"मंगळसूत्र वरून दिसंल असं घालायचं. जिथं हा, तिथं तू. मशीन शिकवत्यात तिथंसुदिक शेजारी बसायचं. साहेब, सांगा बाईला, माझा होकार हाय. एकट्याला सोडणार नाय मी याला."

"अगं आई, पण दसऱ्याच्या माळा?" समाधाननं विचारलं. मनीषानं त्याला असा चिमटा काढला की त्याच्या तोंडून पहिल्यांदाच झटपट 'हेय' निघालं.

"गोजराबाई ओवतील," अंबूबाई म्हणाल्या. गोजराबाईंना हे तेव्हाच कळलं.

विषय इथं संपला असता. पण अंबूबाईंना रात्रभर झोप लागली नाही. एवढी चांगली बाई, तीनदा नको म्हणणारी, आणि एकोणीस वर्षं तशीच. सकाळी त्या पंचवटीतल्या गुरुजींकडं गेल्या. गुरुजींनी नावावरून रास काढली. बिर्गिता म्हणजे वृषभ, लेनार्ट म्हणजे मेष.

"जमत नाही," गुरुजी म्हणाले. "एकापुढची एक रास येते. संसार टिकायचा नाही."

"टिकून एकोणीस वर्षं झाली, त्याचं काय करू?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, नावावरून नको, नवऱ्या मुलाची खरी जन्मवेळ आणा, काहीतरी मार्ग काढू.

अशा रीतीनं मनीषा विमानात बसली ती सासूचं काम घेऊन. जन्मवेळ विचारायचं वाक्य कॅसेटमध्ये नव्हतं, ते तिनं स्वतः जुळवलं. पोचल्यावरच्या पहिल्याच रविवारी बिर्गिताबाईंनी दोघांना घरी जेवायला बोलावलं. बाहेर अंधार, आत मेणबत्त्या, आणि लेनार्ट नावाचा गोरापान, अबोल माणूस बटाटे वाढत होता. मनीषानं त्याला सरळ विचारलं, तुम्ही किती वाजता जन्मलात? बिर्गिताबाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यांना ते फार गोड वाटत होतं. लेनार्ट विचारात पडला. त्याला वेळ माहीत नव्हती. तो उठला आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या आईला फोन लावला.

त्यानं प्रश्न विचारला. पलीकडून लगेच उत्तर आलं असावं, कारण त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. मग पलीकडून आणखी काहीतरी आलं. बराच वेळ. त्या देशात कुणी एवढं बोलतं हे समाधाननं पहिल्यांदाच पाहिलं. लेनार्टनं फोनवर हात ठेवला आणि बिर्गिताबाईंकडं वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई विचारतेय," तो म्हणाला, "शेवटी लग्न करताय ना? तिला तारीख पाहिजे."

बिर्गिताबाईंच्या हातातला चमचा हवेतच राहिला. मनीषाला एकूण एक शब्द कळला होता. तिनं हसू दाबलं, भांडं जवळ ओढलं आणि लेनार्टच्या ताटात आणखी दोन बटाटे वाढले.

"नेय ताक," तो घाईघाईनं म्हणाला.

मनीषानं तिसराही वाढला.